माशांना अहो-जाहो करणारा गद्रे

आमच्या बिल्डिंगमधला गद्रे माशांना अहो-जाहो करतो.

थट्टा नाही. सकाळी तळ्याच्या कठड्यावर बसतो, मांडीवर वाफवलेल्या मटारांचा वाडगा, आणि म्हणतो, "अहो मुलुंड, जरा सरका. भांडुपांना येऊ द्या. तुम्ही मघाशीच जेवलात." माशांची नावं त्याने स्टेशनांवरून ठेवलीत. विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे. ठाणे सगळ्यात मोठा, अंगाने पांढरा, कपाळावर तांबडा टिळा. कांजूर काळा-केशरी आणि एक नंबरचा चोरटा. नवा माणूस तिथून जाताना "आज कांजूरचं पोट बिघडलंय, सकाळपासून बसून आहेत" असं ऐकतो आणि थांबून बघतो, हा म्हातारा शुद्धीत आहे ना.

मी तिसऱ्या मजल्यावरचा सावंत. शिक्षण सातवी. भांडुपला कारखान्यात वेल्डिंग केलं, आता घरी असतो. लिहायची सवय नाही. पण ह्या गद्र्याबद्दल बिल्डिंगमध्ये सगळे चांगलंच बोलतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग. गद्रे तळमजल्यावर, एकटा. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला. माणूस ताडमाड उंच, दारातून वाकून येतो. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की हात वर करतो आणि म्हणतो, "होल्ड करा, सावंत." आणि आत जातो.

ही त्याची दुसरी खोड. बोलणं मधेच तोडायचं, होल्ड करा म्हणायचं आणि गायब व्हायचं. दूध उतू जातंय म्हणून गेलाय की आडवा झालाय, कळायला मार्ग नाही. एकदा सोसायटीची मीटिंग चालू असताना त्याने सेक्रेटरीला होल्ड करायला लावलं आणि मार्केटला जाऊन कोथिंबिरीची जुडी घेऊन आला. माशांसाठी. मीटिंग तोवर संपली होती. हा म्हणतो, "कोणी होल्ड केलंच नाही?"

तळं म्हणजे तरी काय, सोसायटीची जुनी पाण्याची टाकी, त्याच्या मागच्या दाराला लागून. नवी टाकी झाली तशी ही पडून होती, उंदीर मरून पडायचे आत. गद्र्याने कमिटीकडे मागितली, घासली, पंप लावला आणि जपानी मासे आणून सोडले. कोई म्हणतात त्यांना. मी पहिल्यांदा ठाणे बघितला तेव्हा बरं वाटलं. हातभर मासा, चांगला भरलेला. विचारलं, "खायला कसा लागतो रे?" गद्र्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याच्या मावशीबद्दल विचारलं. "हे खायचे नसतात, सावंत." आम्ही मालवणकडची माणसं. मासा आणायचा, धुवायचा, हळद-मीठ लावायचं. खायचा नाही तर आणायचा कशाला, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

बरं, पाळ बाबा मासे. पण ह्याला त्या माशांच्या पाण्यात झाडंही पाहिजेत. जिवंत. "नुसतं पाणी म्हणजे लॉकअप आहे हो," म्हणतो. "घर म्हटलं की हिरवं काहीतरी लागतं." आणि कोई मासा झाड ठेवत नाही. मुळं कुरतडतो, कुंडीतली माती उकरतो, पानांच्या चिंध्या करतो. ज्या दुकानदाराने मासे विकले त्यानेच सांगितलं होतं, "अंकल, मछली रखो नहीं तो प्लांट रखो. दोनों नहीं होगा." गद्रे त्याला म्हणाला, "होगा. मेरे पास टाइम है."

मग सुरू झालं. जलपर्णी आणली. सकाळी मुळांच्या दाढ्या सोडून मस्त तरंगत होती, संध्याकाळी सगळ्या दाढ्या साफ. कमळाचे कंद आणले, ते कांजूरने उपटून पंपापाशी नेऊन ठेवले. कुंडीत वर दगड भरले, तर मुलुंड आणि ठाणे दोघांनी मिळून दगड बाजूला केले, पालिकेची माणसं करणार नाहीत इतक्या लवकर. मग गद्र्याने कुंड्यांवर टेबलफॅनच्या जाळ्या उलट्या बांधल्या. बिल्डिंगमध्ये कोणाचा पंखा बिघडला की गद्रे दारात हजर. "जाळी टाकणार असाल तर मला द्या." दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरबाईंचा तर पंखा चालू होता तरी येऊन विचारून गेला, किती दिवस चालेल असं वाटतं.

मी आयुष्यभर लोखंड जोडलं. नीट पिंजरा करायचा तर एका दुपारचं काम. पण मी कशाला करू? मला कोणी विचारलं नव्हतं.

झाड खाल्लं गेलं तरी हा माशांवर चिडायचा नाही. "मासा वाईट नसतो, सावंत. मासा कंटाळलेला असतो. दिवसभर करायला काही नाही, बोलायला कोणी नाही, मग तो समोर येईल ते कुरतडतो." म्हणून तो माशांना रेडिओ लावून द्यायचा. पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, मधेच पाटणकरबाईंच्या लेकीच्या लग्नाची बातमीही सांगायचा. मी म्हटलं, "गद्रे, तुझं डोकं तपासून घे." तो म्हणाला, "होल्ड करा." तपासायला गेला की काय, माहीत नाही.

शेवटी त्याच्या तळ्यात एकच झाड टिकलं, अळू. आणि ते सुचवलं माझ्या बायकोने.

सुमन, माझी बायको. तिला झाडांचं वेड. आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या. तिने वरून ह्याचे सगळे खेळ बघितले आणि एक दिवस खाली जाऊन सांगितलं, "गद्रेभाऊ, अळू लावा. खाजरं. एकदा तोंड खाजलं की परत वाटेक जाऊचे नाय." तसंच झालं. कांजूरने एकदा तोंड लावलं आणि दिवसभर भिंतीला थोबाड घासत फिरला. अळू इतकं माजलं की सगळ्या बिल्डिंगने अळूवड्या केल्या. आणि गद्रे जो येईल त्याला सांगायचा, "सुमनताईंची आयडिया." दूधवाल्याला, वायरमनला, मतं मागायला आलेल्या माणसाला.

जळायचो मी. सरळ सांगतो. तसलं काही मनात नव्हतं, भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची, त्याला बहीण नाही म्हणून. पण भाऊबीजेला फुगलेल्या करंज्या त्याच्या ताटात आणि फुटलेल्या माझ्या. गुडघे दुखतात म्हणून माझ्याबरोबर मार्केटला येत नसे, पण संध्याकाळ झाली की तीन जिने उतरून तळ्यावर. वरून मला तिचं हसणं ऐकू यायचं. घरात मी असताना एवढं काय हसली नाही कधी. मासे काय विनोद सांगायचे?

तिचं सगळ्यात लाडकं होतं ते कमळ. गद्रे म्हणतो ते कमळ नव्हे, कुमुद. असेल. आम्ही कमळच म्हणतो. तिच्या माहेरच्या देवळाच्या तळीतला कंद, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने गावाहून आणला होता. बाल्कनीत निळ्या प्लास्टिकच्या टबात लावला. टबाला चीर पडली तेव्हा मी तापलेल्या सळईने ती सांधून दिली. त्या झाडाला माझा हात लागला तो तेवढाच. पांढरं फूल यायचं, मधे पिवळं. सकाळी उघडायचं, दुपारी मिटायचं. उघडलं की ती मला झोपेतून उठवायची, "बघा, बघा, इला."

गेल्या वर्षी ती आजारी पडली. शेवटचं हॉस्पिटलात जायच्या आधी तिने गद्र्याला वर बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "हा टब घेऊन जावा. ह्यांच्याच्यान जमूचा नाय."

मी तिथेच उभा होतो. नवरा. टब सांधणारा. पण झाड दिलं कोणाला, तर ज्याच्या तळ्यात अळवाशिवाय पान टिकत नाही त्या गद्र्याला! तो टब उराशी धरून जिना उतरला, पाणी हिंदकळतंय, प्रत्येक वळणावर ओरडतोय, "होल्ड करा! होल्ड करा!" जिन्यात दुसरं कोणीच नव्हतं.

सुमन परत आली नाही.

तिच्या बाल्कनीतल्या कुंड्या मी सांभाळायला गेलो. पाणी घातलं तर कुजल्या, नाही घातलं तर सुकल्या. मोगरा गेला, अबोली गेली, तुळस काड्या होऊन उभी राहिली. बरोबर बोलली होती ती, पण म्हणून काय तोंडावर बोलायचं?

मग मी खाली गेलो. गद्र्याला म्हटलं, "तिचं कमळ कुठे ठेवलंस?" त्याने तळ्याकडे बोट केलं. जिन्याजवळच्या कोपऱ्यात कुंडी, वर फॅनची जाळी, जाळीतून दोन-चार गोल पानं वर आलेली.  तळ्यात? कांजूरच्या शेजारी? "अरे मेल्या, खाऊन टाकतील ते!" तो म्हणाला, "बघतो ना मी."

झालं. तेव्हापासून मी रोज सकाळी खाली. चहा प्यायचो तो कठड्यावर बसून. पानं मोजायची, जाळी हलवून बघायची, गद्र्याला चार शिव्या द्यायच्या. "जाळी ढिली आहे. बांधायची अक्कल नाही. टेलिफोनच्या तारा अशाच बांधल्यास काय? म्हणून तर लोकांचे फोन बंद पडायचे." तो ऐकून घ्यायचा. उलट माझ्यासाठी कठड्यावर पेपर अंथरून ठेवायचा, ओलं लागू नये म्हणून. त्याचा मला आणखी राग यायचा. काय मनात यायचं ते पण सांगतो. एखाद दिवशी वाटायचं, मरू दे हे कमळ, म्हणजे सुमनला कळेल तिने कोणावर भरवसा ठेवला. आणि लगेच मी परत पानं मोजायचो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी खाली उतरलो तर जाळी कलंडलेली. कुंडी आडवी. पानांच्या चिंध्या पाण्यावर तरंगतायत आणि कांजूर तोंडातून एक देठ लोंबवत फिरतोय, जेवण झाल्यावर दातात काडी घालून शतपावली करणाऱ्या माणसासारखा.

मला पुढचं नीट आठवत नाही. ओरडलो एवढं खरं. खिडक्या उघडल्या, पाटणकरबाई गॅस बंद करून खाली आल्या. "गद्र्या! बाहेर ये! तिचं कमळ खाल्लं तुझ्या माशाने! सोडत नाही त्याला. तिरफळं घालून तिखलं करतो कांजूरचं आज! वाट लावलीस रे, तेवढं एक उरलं होतं तिचं!"

गद्रे मागच्या दारात आला. तळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड पडलं त्याचं. म्हणाला, "होल्ड करा, सावंत." आणि आत गेला.

"वर्षभर होल्डच करतोय मी!" म्हटलं आणि त्याच्या मागोमाग घुसलो.

एवढ्या वर्षांत त्याच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. एक खाट, एक रेडिओ, बाकी काही नाही. तो बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभा. दारापेक्षा माणूस उंच.

"बाजूला हो."

"बाथरूम वापरात नाही, सावंत."

"वापरात नाही म्हणजे?"

मी ढकललं त्याला. दार उघडलं.

आत निळा टब. काठावर माझ्या हातची सांधलेली चीर. टबभर पानं, एकमेकांवर चढलेली, आणि मधून एक कळी मान काढून वर आलेली, टोकाला पांढरी. खिडकीच्या काचा सगळ्या काढून टाकलेल्या. सकाळचं ऊन सरळ टबात पडत होतं. डास होऊ नयेत म्हणून बारके गप्पी मासे सोडलेले.

मी बादली पालथी घालून बसलो. 

विचारलं, "मग तळ्यातलं?"

"ते नर्सरीतलं."

"इतकी वर्षं ओरडतोयस ना, मासे आणि झाडं एकत्र राहतात म्हणून? मग हे का नाही टाकलंस तळ्यात?"

"बाकीची गेली तर दुसरी आणता येतात, सावंत."

"बाहेर अंगणात ठेवायचं."

"बाहेर कावळे, मांजरं, घुशी. आत फक्त मी."

"आणि तू आंघोळ कुठे करतोस?"

"स्वयंपाकघरातल्या मोरीत. इथे काचा नाहीत ना, समोरच्या बिल्डिंगला दिसतं. मोरीत बसून होते आंघोळ. गुडघे जरा बाहेर राहतात."

मला हसू येत होतं, ते मी दाबलं. "मला ते खोटं झाड का दाखवलंस? वर्षभर मी बाजारातल्या कमळाची पानं मोजतोय?"

 तो दाराच्या कडेला नख मारत म्हणाला, "तुम्ही विचारलंत, माझं बोट तिकडे गेलं. मग तुम्ही रोज यायला लागलात. बाथरूममध्ये आहे म्हटलं असतं तर एकदा बघून वर गेला असतात." मग म्हणाला, "आणि शिव्या खायचं मी कबूल केलं होतं."

"कोणाला?"

मग त्याने सांगितलं. सुमनने दिलेला तो टब उतरवून झाल्यावर तो तिला भेटायला हॉस्पिटलात गेला होता, मी खाली औषधं आणायला गेलो होतो तेव्हा. त्याने विचारलं होतं, ताई, सावंतांना का नाही दिलंत झाड, त्यांना वाईट वाटलंय. तिने काय सांगितलं ते गद्र्याने तिच्याच भाषेत म्हणून दाखवलं. ह्या माणसाच्या तोंडात मालवणी म्हणजे दाताखाली खडा. पण शब्द तिचे होते, मी ओळखले.

"ह्यांच्याकडे मेला तर हे स्वतःक दोष देत बसतले, भाऊ. तुमच्याकडे मेला तर तुमका गाळी घालतले. तेवढे खावा माझ्यासाठी."

ऊन टबातून भिंतीवर सरकलं. बाहेर पाटणकरबाई विचारत होत्या, काय झालं, मारामारी झाली काय.

मी उठलो. म्हटलं, "मोरीत आंघोळ करतोस? लाज नाही वाटत? एवढा टेलिफोनचा खांब आणि मोरीत बसतो. उद्यापासून वर ये. गीझर आहे."

आता रोज सकाळी गद्रे खांद्यावर पंचा टाकून, हातात साबणाची डबी घेऊन तीन जिने चढतो. सगळी बिल्डिंग हसते. मी त्याच्या घराची किल्ली घेऊन खाली उतरतो. जिन्यात आम्ही एकमेकांना भेटतो. तो सांगतो, "आज उघडेल असं वाटतं," किंवा, "आज नाही, कळी खाली आहे." मी म्हणतो, "मला शिकवू नको." जाता जाता तळ्यावर थांबून कांजूरला पण एक शिवी देतो, नाहीतर त्याला चुकल्यासारखं वाटेल. तळ्यातल्या नव्या कुंड्यांना मी लोखंडी पिंजरा करून दिलाय, नीट जोड मारून, वर काळा रंग. कांजूर अजून तोंड घालायची जागा शोधतोय.

मग मी त्या बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसतो. फूल उघडलेलं असलं तर बघतो. नसलं तरी बसतो. मनात येईल ते बोलतो, तिथे ऐकायला कोणी नसतं. तुरडाळ महाग झाली ते सांगतो. तुळस परत आणली ते सांगितलं, ती परत गेली ते पण सांगितलं.

जळणं काही गेलेलं नाही. झाड अजून त्याच्याच हातचं जगतंय. वर माझा गीझर वापरतो, माझ्या बाथरूममध्ये बेसूर गातो, आणि आंघोळीला एवढा वेळ लावतो की बाईमाणूस लावणार नाही. एकट्या माणसाला एवढं काय धुवायचं असतं? पाण्याचं बिल कोण भरणार? एक-दोनदा मी त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, उंच माणूस आहे, वेळ लागतो.

परवा चष्मा वर राहिला म्हणून मी थोड्या वेळाने परत वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. गद्रे माझ्या स्वयंपाकघरात, सुमनच्या पाटावर बसलेला. कपडे घातलेले, केस विंचरलेले, पंचा वाळत टाकलेला. हातावर हात ठेवून, भिंतीकडे बघत, गपचूप. स्टेशनच्या बाकावर कोणाची तरी वाट बघत बसतात तसा.

माझी चप्पल वाजली. तो दचकला, उठला, डोकं चौकटीला आपटून घेतलं आणि धडपडत बाथरूममध्ये शिरला. कडी लावली. आतून बादलीवर तांब्या आपटायला लागला.

"होल्ड करा, सावंत!" आतून ओरडला. "अजून साबण लावतोय!"

मी चष्मा उचलला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. परत खाली गेलो.